अठराच्या आत घर: भाड्याने घेताना, नावावर करताना आणि विकताना कागद कोणत्या क्रमाने करायचे

दरवर्षी जून लागला की लातूरमध्ये अकरावीच्या मुलांची घरं शोधायची धांदल सुरू होते. कुणी नांदेडकडून येतं, कुणी बीड-परभणीकडून. मी दस्त लिहिण्याचं काम करतो, त्यामुळे यातली बरीच मंडळी शेवटी माझ्या टेबलासमोर बसतात. गेल्या वर्षी एक वडील आले होते. खोली ठरली होती, डिपॉझिट देऊन झालं होतं, करारात भाडेकरू म्हणून सोळा वर्षांच्या मुलाचं नाव टाइप झालं होतं. कारण सरळ होतं, 'राहणार तोच आहे ना.' अंगठा घ्यायची वेळ आली, आधारवरची जन्मतारीख समोर आली आणि दस्त तिथेच थांबला. मग घरमालकाने पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून काम भागवलं. डिसेंबरात त्याने खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा वडिलांच्या हातात डिपॉझिट परत मागता येईल असा धड कागद नव्हता.

ही चूक साधी वाटते. पण भाड्यात एका वर्षाचा त्रास देणारी तीच चूक खरेदी-विक्रीत वीस वर्षांचा खटला होते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

## सुरुवातीला एकच नियम

अल्पवयीन मुलाला मिळकत मिळू शकते, पण त्याची सही त्याला बांधू शकत नाही. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करायला माणूस सज्ञान लागतो. अज्ञानाने, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरवलं आणि ते आजही कायम आहे. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या सहीने भाडेकरार करू शकत नाही, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करू शकत नाही, गृहकर्ज घेऊ शकत नाही. पण पूर्ण किंमत भरलेलं घर त्याच्या नावावर खरेदी होऊ शकतं, बक्षीस मिळू शकतं, वारसाने येऊ शकतं. तिथे तो फक्त घेणारा असतो.

नेहमी येणाऱ्या तीन गैरसमजांची उत्तरं इथेच देतो.

'मुलगा कमावतो आहे, वेगळा राहतो आहे.' तरी तो अज्ञानच. कमाईमुळे किंवा घर सोडल्यामुळे लवकर सज्ञान ठरण्याची सोय आपल्या कायद्यात नाही.

'त्याचं स्वतःचं बँक खातं आहे.' रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरचं मूल स्वतः बचत खातं चालवू शकतं. ती सवलत खात्यापुरती आहे, घराच्या करारासाठी तिचा उपयोग नाही.

'त्याने वय खोटं सांगितलं, म्हणजे आता तो अडकला.' नाही. खोटं सांगूनही करार अंमलात येत नाही. फार तर मिळालेला फायदा परत करायला न्यायालय सांगू शकतं.

## टप्पा १: वय कागदावर मोजा

घरात सांगितलेलं वय, शाळेच्या दाखल्यावरचं वय आणि आधारवरचं वय तीन वेगळी निघालेली मी पाहिली आहेत. म्हणून जन्मदाखला काढून समोर ठेवा.

भारतीय सज्ञानता कायदा, १८७५ नुसार अठरावा वाढदिवस ज्या दिवशी येतो, तो दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो. म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी केलेली सही चालते, आदल्या संध्याकाळची चालत नाही. न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर पूर्वी ही मर्यादा २१ होती. १९९९ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांना १८ लागू आहे. जुन्या माहितीवर अजून '२१' सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

तपासा: दस्तावर सही होणार ती तारीख आणि अठरावा वाढदिवस यांच्यात किती अंतर आहे? मूल सतरा वर्षं आठ महिन्यांचं असेल आणि समोरचा थांबायला तयार असेल, तर चार महिने थांबा. पुढच्या सगळ्या टप्प्यांचा खर्च आणि त्रास वाचतो. हा सल्ला मी जवळपास दर महिन्याला देतो आणि निम्मे लोक तो घाईत टाळतात.

## टप्पा २: सही कुणाची, हे आधी ठरवा

हिंदू कुटुंबात (यात कायद्याच्या दृष्टीने बौद्ध, जैन, शीखही आले) १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. वडील मुलाकडे बघतच नसतील, दूर असतील किंवा असमर्थ असतील, तर आई पालक म्हणून सही करू शकते. तरी दोघे हजर असतील तर मी दोघांच्याही सह्या घेतो, एक पालक म्हणून आणि दुसरी संमती म्हणून. पुढे प्रश्न उरत नाही.

काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ हे कितीही जवळचे असले तरी आपोआप पालक होत नाहीत. मूल त्यांच्या घरी वाढलं असलं तरी नाही. आईवडील दोघेही नसतील आणि मृत्युपत्राने पालक नेमलेला नसेल, तर जिल्हा न्यायालयातून नेमणूक आणावी लागते. त्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांनाही मिळकतीसाठी याच वाटेने जावं लागतं.

मुस्लिम कुटुंबात मिळकतीपुरता पालक म्हणजे वडील, मग त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग वडिलांचे वडील. आई मुलांना सांभाळते, पण मुलाच्या वाट्याची जमीन किंवा घर विकण्याचा अधिकार तिला न्यायालयाच्या नेमणुकीशिवाय नसतो. हे माहीत नसल्याने अनेक विधवा मातांचे व्यवहार पुढे कोसळले आहेत. कृपा करून इथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. गोव्यात कौटुंबिक मिळकतीला पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेले वेगळे नियम आहेत. तिथली मिळकत असेल तर तिथल्याच वकिलाला विचारा.

घटस्फोट झालेला असेल तर ताब्याचा हुकूम सोबत आणा आणि त्यात मिळकतीविषयी काय लिहिलं आहे ते वाचा. मुलाचा ताबा आणि मुलाच्या मिळकतीचं पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आईवडील परदेशात असतील तर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, लागतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत चुकवणारे खूप आहेत.

आणि ज्या मुलाला खरंच कुणी नाही, त्याने खोली शोधत एकट्याने फिरू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, तिथून बालकल्याण समितीपर्यंत पोचता येतं. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची (बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) तरतूद आहे. ती मागून घ्यावी लागते.

## टप्पा ३: भाड्याची खोली

इथे क्रम महत्त्वाचा. पैसे शेवटी द्यायचे असतात आणि लोक सुरुवातीलाच देतात.

१. करार पालकाच्या स्वतःच्या नावाने करा. 'मुलातर्फे पालक' असं लिहू नका. आई किंवा वडील स्वतः परवानाधारक (करारात भाड्याने घेणाऱ्याला असं म्हणतात, मालकाला 'परवाना देणार') म्हणून यावेत, भाड्याची आणि नुकसानीची जबाबदारी त्यांची. मुलाचं नाव करारात 'राहणारी व्यक्ती' म्हणून वयासह घाला. मी लिहितो ते वाक्य असं असतं: 'सदर जागेत परवानाधारक यांचा मुलगा चि. अमुक, वय १६ वर्षे, शिक्षणासाठी राहील व त्यास परवाना देणार यांची हरकत नाही.' हे वाक्य नसेल, तर मालक उद्या म्हणू शकतो की जागा तुम्हाला दिली होती, दुसऱ्याला ठेवायला नाही.

२. दोन-तीन मुलं मिळून राहणार असतील तर प्रत्येकाचा एक पालक करारात घ्या. एकाच वडिलांनी सही केली की संपूर्ण भाडं आणि संपूर्ण नुकसान त्यांच्याच माथी येतं. बाकीच्या मुलांची आधार कार्डं जोडली म्हणजे त्यांचे पालक बांधले गेले असं होत नाही.

३. डिपॉझिट, वीजबिल, मुदतीआधी सोडल्यास काय, हे लिहून घ्या. विद्यार्थ्यांच्या बाबतीत शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मुलाचं मन रमलं नाही, क्लास बदलला, आजारी पडला, अशा कारणांनी दर वर्षी कितीतरी खोल्या मध्येच सुटतात. एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवा.

४. करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदवलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला हे शांतपणे सांगा, बहुतेक तयार होतात. खर्चही फार नाही. महिना ९,००० भाडं, २०,००० परत मिळणारं डिपॉझिट आणि ११ महिने धरले, तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे साधारण अडीचशे रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. वर दस्त करून देणाऱ्याचे पैसे.

५. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाकडून भरून घ्या. मूल अल्पवयीन आहे म्हणून हे वगळायचं नसतं. उलट मुलाच्या सुरक्षिततेसाठी माझा यावर जास्त आग्रह असतो.

६. यानंतर डिपॉझिट द्या, खात्यावरून खात्यावर.

इशारा: नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कितीही शिक्के असले तरी नाही.

तपासा: सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती दस्त नोंदल्याची नोंद हातात आली का? त्यात पालकाचं नाव बरोबर आहे का? खोलीच्या भिंती, नळ, पंखे यांचे तारखेसह फोटो काढले का? मी स्वतःच्या मुलीच्या खोलीचे बावीस फोटो काढले होते. वर्ष संपताना त्यातला ओल धरलेल्या भिंतीचा एक फोटो दाखवल्यावर डिपॉझिट पूर्ण परत आलं.

वसतिगृह असेल तर भाडेकरार नसतो, प्रवेश अर्ज असतो. तिथेही पालकाचीच सही घ्यायला सांगा आणि फी परतीचा नियम छापील मागा.

## टप्पा ४: विकत घ्यायच्या आधी, मुलाच्या नावावर करायचंच का?

या टप्प्यावर लोक थांबतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथेच करायला हवा. मुलीचा पहिला वाढदिवस, हातात थोडे पैसे, भावना खरी असते. पण एकदा घर मुलीच्या नावावर गेलं की ते तिचं. तुम्ही फक्त राखणदार. मध्येच धंद्यासाठी पैसे लागले, आजारपण आलं, मोठं घर घ्यायचं ठरलं, तर ते विकायला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. गहाण ठेवायलाही लागते.

म्हणून स्वतःला विचारा: मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत या घराला हात लावायची वेळ येणार नाही, याची खात्री आहे का? नसेल तर घर स्वतःच्या नावावर घ्या आणि मुलाच्या नावे मृत्युपत्र करा. त्यात मिळकतीची व्यवस्था बघणारा माणूस नेमा. सोसायटीत फक्त नॉमिनी लावून थांबू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आणखी चार गोष्टी खरेदीआधी बघायच्या.

कर्ज. बँक अल्पवयीनाला गृहकर्ज देत नाही. आईवडिलांबरोबर मुलाचं नाव सहमालक म्हणून घातलं तरी बँक सहसा अडते, कारण मुलाचा हिस्सा गहाण ठेवायला परवानगी लागते. कर्ज काढायचं असेल तर मुलाचं नाव घालू नका.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट. त्यात पुढे हप्ते भरायचं वचन असतं आणि अज्ञान वचन देऊ शकत नाही. मुलाच्या नावावर घ्यायचाच असेल तर तयार, ताबा मिळण्याजोगा आणि एकरकमी किमतीचा घ्या.

बेनामी कायदा, म्हणजे एकाच्या पैशातून दुसऱ्याच्या नावावर मिळकत घेण्याला बंदी करणारा. आईवडिलांनी स्वतःच्या हिशेबातल्या पैशातून मुलाच्या नावावर घेतलेलं घर बेनामी ठरत नाही, तशी स्पष्ट सूट आहे. पण आजोबांनी थेट नातवाच्या एकट्याच्या नावावर खरेदी केली तर ती या सुटीत बसत नाही. आजोबांचं नावही सहमालक म्हणून हवं. काकाने पुतण्याच्या नावावर घेतलेलं तर अजिबात बसत नाही. आजोबांना नातवाला द्यायचंच असेल तर घर आधी स्वतःच्या नावावर घेऊन नंतर बक्षीसपत्र करणं ही स्वच्छ वाट.

प्राप्तिकर. अल्पवयीनाच्या घराचं भाडं साधारणपणे आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. कर वाचवण्यासाठी घर मुलाच्या नावावर करत असाल तर तो हेतू साधत नाही.

परदेशात जन्मलेल्या मुलांविषयी: अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जन्मून तिथलंच नागरिकत्व असलेल्या मुलाचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) आधी काढा. ओसीआय असलं तरी शेतजमीन किंवा फार्महाऊस खरेदीने वा बक्षिसाने घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो.

## टप्पा ५: खरेदीखत किंवा बक्षीसपत्र

क्रम असा ठेवा: मुलाचं आधार आणि पॅन, मग मालकी हक्काचा शोध, मग मसुदा, मग मुद्रांक शुल्क, मग पूर्ण पैसे आणि नोंदणी एकाच दिवशी.

पॅन आधीच काढून ठेवा. अल्पवयीनाच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, ते बघून घाबरू नका. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला देताना १ टक्का टीडीएस (किमतीतूनच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापावा लागतो. तोही मुलाच्या नावे खरेदी आहे म्हणून माफ होत नाही.

मसुद्यात घेणाऱ्याचं नाव असं यावं: 'कु. अमुक, वय ९ वर्षे, अज्ञान, तर्फे नैसर्गिक पालक वडील श्री. अमुक, वय ४१ वर्षे'. सहीच्या जागी वडिलांची सही आणि खाली 'स्वतःकरिता' असं चुकून छापलेलं नाही ना, ते बघा. ही छोटी चूक पुढे मोठा वाद उभा करते, कारण घर वडिलांनी घेतलं की मुलीने, हेच अस्पष्ट होतं. पैसे कुणाच्या खात्यातून आले, चेक नंबर, तारीख, रक्कम हे सगळं दस्तात लिहा.

किमतीतला एक रुपयाही 'नंतर देऊ' असा ठेवू नका. मुलाच्या बाजूने कसलीही पुढची अट, वचन, सेवा दस्तात नको.

बक्षीसपत्रात आईवडील स्वतःच देणारे असतील तर मुलातर्फे स्वीकार कोण करणार, हे लोक विसरतात. वडील देत असतील तर आईने पालक म्हणून स्वीकारल्याची सही करावी. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहरानुसार अधिभार वर लागू शकतो, त्यामुळे नक्की आकडा दुय्यम निबंधक कार्यालयातून काढूनच तयारी करा.

इशारा: नातेवाइकाने कर्जाचा बोजा असलेली मिळकत बक्षीस दिली, तर मूल सज्ञान झाल्यावर ती नाकारू शकतं. पण सज्ञान झाल्यावर, बोजा माहीत असून ठेवून घेतली तर तो बोजाही त्याचाच.

## टप्पा ६: नोंदी

नोंदणी झाली की लोक दस्त कपाटात ठेवतात आणि विसरतात. शहरात मिळकत पत्रिका आणि घरपट्टी, सोसायटीत भाग प्रमाणपत्र, गावात सातबारा, यातलं जे लागू असेल तिथे नाव लागलंच पाहिजे.

सातबारावर अज्ञानाच्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा येतो, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्यापुढे पालकाचं नाव. हा शेरा नीट वाचा. पालकाचं नाव चुकलं असेल किंवा पालक वारलेला असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. एका सातबारावर मी चाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या नावापुढे हा शेरा पाहिला आहे. त्याचे वडील जाऊन सतरा वर्षं झाली होती. पीककर्जाच्या वेळी बँकेने बोट ठेवलं, तेव्हा त्याला कळलं की कागदावर तो अजून अज्ञान आहे.

सोसायटीचा सभासद व्हायला करारक्षमता लागते. वारसाने घर आलेल्या अल्पवयीनाला पालकातर्फे घेण्याची सोय उपविधींत आहे. सचिव 'लहान मुलाला सभासद करत नाही' म्हणत असेल तर उपविधींची प्रत घेऊन बसा आणि अर्ज लेखी द्या.

घर भाड्याने द्यायचं असेल तर पालक देऊ शकतो, पण मर्यादा आहे: पाच वर्षांपेक्षा जास्त नाही आणि मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या पुढे नाही. आज मूल १६ पूर्ण असेल तर परवानगीशिवाय भाडेपट्टा जास्तीत जास्त त्याला १९ पूर्ण होईपर्यंतचा.

## टप्पा ७: अज्ञानाचा हिस्सा विकायचा असेल

सगळ्यात जास्त रडणं मी इथे पाहिलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. हिंदू कुटुंब, वडिलांच्या स्वकमाईचा फ्लॅट, वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, दोन लहान मुलं आणि वडिलांची आई. पत्नीला वाटतं घर आता आपलं. कायद्याने चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा येतो. म्हणजे निम्मं घर मुलांचं आणि पाव सासूबाईंचं. पत्नीने एकटीने सही करून सगळा फ्लॅट विकला, 'मुलांची आई म्हणून' असं लिहिलं तरी, १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलांच्या हिश्शाची विक्री मुलं पुढे रद्द ठरवू शकतात. दस्त नोंदला गेला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही.

१. मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे, तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करा. परवानगी विक्रीच्या आधी लागते. आधी विसार (बयाणा), मग साठेखत, मग अर्ज, हा क्रम उलटा आहे.

२. अर्जात सांगायचं कारण 'गरज' किंवा 'मुलाचा उघड फायदा' एवढंच चालतं. 'आम्हाला पैशांची गरज आहे' हे पालकाचं कारण झालं. शाळेची फी, उपचार, पडीक जागेऐवजी चांगल्या घरात गुंतवणूक, असं मुलाच्या बाजूने, कागदांसह मांडा.

३. सोबत जोडा: जन्मदाखले, मृत्यू दाखला, मालकीचे कागद, नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल, घेणाऱ्याचा लेखी प्रस्ताव, पैशांचं काय करणार याचा आराखडा.

४. हुकूम मिळाला की शब्द न शब्द वाचा. मुलाच्या वाट्याची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत सज्ञान होईपर्यंत मुदत ठेव करा, अशी अट बऱ्याचदा असते. ती पाळून पावती न्यायालयात दाखल करा.

५. मग खरेदीखत, त्यात हुकुमाचा क्रमांक आणि तारीख.

यात महिने जातात. घेणाऱ्याला सुरुवातीलाच खरं सांगा.

घेणाऱ्यांसाठी इशारा: विकणाऱ्या कुटुंबात अठराच्या आतला वारस असेल आणि 'आई सही करतेय ना' असं सांगितलं जात असेल, तर पैसे देऊ नका. मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत, म्हणजे साधारण एकविसाव्या वाढदिवसापर्यंत, व्यवहाराला आव्हान देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तर असंही म्हटलं आहे की त्यासाठी दरवेळी दावाच लावायला हवा असं नाही, सज्ञान झाल्यावर तीच मिळकत दुसऱ्याला विकण्यासारख्या स्पष्ट वर्तनानेही तो व्यवहार नाकारता येतो.

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला अविभक्त हिस्सा कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, विकतो, तेव्हा नियम वेगळा आहे आणि कलम ८ तिथे तसं लागू होत नाही. पण मिळकत खरोखर त्या प्रकारची आहे का, हे ठरवणं घरबसल्या होत नाही. 'वडिलोपार्जित आहे, परवानगी नको' असं दलाल सहज म्हणून जातो. वकिलाचा लेखी अभिप्राय घ्या.

## टप्पा ८: अठरावा वाढदिवस

त्या आठवड्यात करायची कामं, याच क्रमाने:

पॅन कार्डात फोटो-सहीसाठी बदल अर्ज आणि बँक खात्याचं केवायसी, कारण पुढचे सगळे हेच मागतात.

न्यायालयाच्या हुकुमाने ठेवलेली मुदत ठेव असेल तर हुकुमाची प्रत घेऊन बँकेत अर्ज.

सातबारावरचा अ.पा.क. शेरा कमी करण्यासाठी अर्ज. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवरून. सोबत वयाचा पुरावा. फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून बघा, अर्जाची पोच घेऊन समाधान मानू नका.

सोसायटीत पालकाऐवजी स्वतःच्या सहीने सभासदत्व. भाड्याने दिलेलं घर असेल तर नवा करार स्वतःच्या नावाने. आणि लातूर-पुण्यात शिकायला राहिलेल्या मुलाची खोली असेल, तर ११ महिने संपल्यावर पुढचा करार आईवडिलांच्या नावाने ठेवायचा की त्याच्या, हे आता त्याला विचारून ठरवा, कारण या वेळी सही त्याची चालते आणि भाडं थकलं तर नोटीसही त्याच्याच नावाने येते.